काळ्या वर्तुळाचा इतिहास : उत्तरपत्रिका यंत्राने वाचण्यास कधी आणि कशी सुरुवात झाली?

१/
सोलापूर–विजयपूर मार्गावरील मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव. याच तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. जो हा लेख वाचील तो विजयी होईल, असा त्यातील आशय. हजार वर्षांनंतर याच परिसरातील पाचवीचे मूल नवोदयच्या प्रवेश परीक्षेला बसते, तेव्हा ते उत्तरादाखल एकही अक्षर लिहीत नाही; वर्तुळे काळी करते. आणि ती वाचणारा माणूस नसतो.

२/
या वर्तुळाचे मूळ एका अविश्वासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एकाच उत्तराला निरनिराळे शिक्षक निरनिराळे गुण देतात, हे अभ्यासांतून दिसू लागले होते. फ्रेडरिक केली यांनी १९१४ मध्ये शिक्षकांच्या गुणदानावरच प्रबंध लिहिला. पाठोपाठ त्यांनी कॅन्ससमध्ये मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तीत ठरलेल्या पर्यायावर खूण करायची आणि तपासणाऱ्याच्या मताला वाव ठेवायचा नाही, हे सूत्र होते.

३/
१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि हे सूत्र सैन्यभरतीत पोहोचले. सुमारे १७ लाख जवानांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या गेल्या. १९२६ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘सॅट’ ही परीक्षा आली. प्रश्न वस्तुनिष्ठ झाले, तरी उत्तरे मात्र माणसेच मोजत होती. लाखो कागद हातांनी तपासणे, हीच आता खरी अडचण होती.

४/
ती सोडवली मिशिगनमधील रेनॉल्ड जॉन्सन या विज्ञानशिक्षकाने. पेन्सिलीतील ग्रॅफाइट विजेचे वाहक असते, हे त्याला लहानपणीच्या खोड्यांतून माहीत होते : मोटारीच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीची रेघ ओढली की गाडी सुरू होत नसे. योग्य जागी ग्रॅफाइटची खूण असेल तर विद्युतप्रवाह वाहील आणि त्यावरून गुण मोजता येतील, ही त्याची कल्पना. आयबीएमने त्याला १९३४ मध्ये नोकरीवर घेतले आणि १९३८ मध्ये ‘आयबीएम ८०५’ हे गुणांकन यंत्र बाजारात आले. परीक्षेला पेन्सिलच हवी, हा जुना आग्रह या यंत्रापासून रुजला.

५/
१९५० च्या दशकात आयोवातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी विजेऐवजी प्रकाशावर चालणारे यंत्र उभे केले. कागदावर प्रकाश टाकायचा. कोरी जागा तो परावर्तित करते, काळी जागा शोषून घेते. यंत्र हा फरक टिपते. आजच्या ‘ओएमआर’ उत्तरपत्रिकेचे तत्त्व हेच. ग्रॅफाइटची गरज संपल्यामुळे पेनालाही परवानगी देता आली.

६/
उत्तरपत्रिकेवरील सूचनांची कारणे येथे उलगडतात. कागदाच्या कडेवरील काळ्या पट्ट्यांवरून यंत्र प्रत्येक वर्तुळाची जागा ठरवते. म्हणून घडी घालू नये, कडेला काही लिहू नये. ठरावीक मर्यादेपेक्षा गडद असेल तीच खूण धरली जाते; म्हणून बरोबरची खूण, फुली किंवा बारीक ठिपका चालत नाही. वर्तुळे बहुधा फिक्या रंगात छापतात, कारण तो रंग यंत्राला दिसू नये आणि विद्यार्थ्याची शाई तेवढी दिसावी. प्रश्नपुस्तिकेचा संच चुकीचा नोंदवला, तर सगळी उत्तरे दुसऱ्याच उत्तरसूचीशी ताडली जातात.

७/
नियम सर्वत्र एकसारखे मात्र नाहीत. एका प्रश्नाला दोन वर्तुळे भरली तर उत्तर बाद, हा सर्वसाधारण संकेत. पण महाराष्ट्राची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली, तेव्हा आठवीच्या काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक ठेवले गेले आणि तेथे दोन्ही वर्तुळे भरणे बंधनकारक झाले. एका परीक्षेत जी चूक, तीच दुसरीत अट.

८/
नवोदय विद्यालयांचा प्रयोग १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथून सुरू झाला. सोलापूर जिल्ह्याचे विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूर येथे आहे. सहावीच्या प्रवेशासाठी ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. जागा जास्तीत जास्त ८०. त्यांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ओएमआरवर निळ्या वा काळ्या बॉलपेननेच खूण करायची. खाडाखोड केलेले उत्तर तपासले जात नाही. मात्र चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणून वर्तुळ कोरे सोडण्यात काहीच लाभ नसतो.

९/
दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चूक दुरुस्त करण्याची मुभा का नसावी? पेन्सिलीची खूण विद्यार्थ्याला पुसता येते, तशी ती नंतर दुसऱ्या कोणालाही पुसता येते. पेनाने हा धोका कमी होतो; पण संपत नाही. मध्य प्रदेशातील व्यापम घोटाळा २०१३ मध्ये उघडकीस आला. वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील काही उत्तरपत्रिका कोऱ्या ठेवून मागाहून भरल्या जात, हे तपासात पुढे आले. यंत्राने त्या बिनचूक वाचल्या. वर्तुळ कोणी आणि केव्हा भरले, हे त्याला कळत नाही. एमपीएससीसारख्या परीक्षांत उमेदवाराला मिळणारी कार्बन प्रत याच ठिकाणी उपयोगी पडते.

१०/
आता कागदच मागे पडत आहे. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते आणि पडद्यावर उत्तर बदलता येते. नीट मात्र २०२५ मध्येही पेन आणि कागदावरच झाली. शिक्षकाच्या लहरीपासून विद्यार्थ्याला वाचवण्यासाठी आलेले वर्तुळ आता एक वेगळे कौशल्यही मागते. शहरातील शिकवणीत त्याचा सराव वर्षभर होतो. गावातील मुलाने खरी ओएमआर प्रथम परीक्षागृहातच पाहिली, तर उत्तर येत असूनही त्याचा गुण जाऊ शकतो. मंद्रूपसारख्या गावातील शाळेत आदल्या महिन्यात नमुना उत्तरपत्रिकेच्या दहा छायाप्रती वाटल्या, तर हे अंतर बरेच कमी होईल. त्याला खर्च काही रुपयांचाच.