शॅननचा सक्तीचा थांबा

अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना एकेकाळी इंधनासाठी आयर्लंडच्या पश्चिमेकडील शॅनन विमानतळावर उतरावे लागे. लांब पल्ल्याची जेट विमाने आली आणि ही गरज सरली. तरी पश्चिम भागाचा रोजगार टिकावा म्हणून सरकारने हा थांबा सक्तीचा ठेवला. १९९० च्या दशकात सक्ती सैल झाली, २००८ मध्ये संपली.

दरम्यान, २००७ मध्ये राजधानी डब्लिनच्या विमानतळाला दुसऱ्या टर्मिनलची परवानगी मिळाली, ती वर्षाला ३.२ कोटी प्रवाशांच्या मर्यादेसह. कारण होते रस्त्यांवरील ताणाचे. पुढे काहींना त्याच मर्यादेत प्रादेशिक समतोलाची आशा दिसली.

परंतु नियमाने विमान उतरवता येते, प्रवासाचे प्रयोजन निर्माण करता येत नाही. शॅननला ते दिले १९५९ मध्ये विमानतळालगत स्थापन झालेल्या करसवलतीच्या उद्योगक्षेत्राने.