जावाची भातखाचरे आणि बांधावरची शाळा

अल्पभूधारक भातशेतकरी शेतीची नवी पद्धत केव्हा स्वीकारतो? ‘नीट समजावून सांगितले की’, असे आपण सहज म्हणतो. इंडोनेशियातील जावा बेटाचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर अपुरे वाटते.

१९७०च्या दशकात तेथील सरकारने अधिक उत्पादन देणारे वाण, रासायनिक खत आणि कीटकनाशक असा संच कर्जासह गावोगाव पोचवला. कीटकनाशकाच्या किमतीचा फार मोठा भाग सरकारच सोसत असे. १९८४मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण दोनच वर्षांत तपकिरी तुडतुड्यांनी खाचरे करपवली. ही कीड कोकणातही परिचित आहे. फवारणीने तुडतुडे मरत, पण रोपाच्या आत घातलेली त्यांची अंडी वाचत. तुडतुडे खाणारे कोळी मात्र मरत. जितकी फवारणी अधिक, तितकी कीड जोमाने परते. कासुमबोगो उन्तुंग, पीटर केनमोर आदी कीटकशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले.

नोव्हेंबर १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला. १९८९च्या आरंभापर्यंत अनुदानही संपले. औषध महागले, तसा शेतकरी फवारणीपूर्वी विचार करू लागला.

त्याच वर्षी बांधावरच्या शाळा सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकरी हंगामभर दर आठवड्याला जमत, चुडांतले किडे आणि कोळी मोजत, त्यांची चित्रे काढत आणि फवारायचे की नाही हे आपसात ठरवत. कोळी तुडतुडा कसा खातो, हे ते डोळ्यांनी पाहत. दशकभरात सुमारे दहा लाख शेतकरी या शाळांतून गेले.

पुढे २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांच्या पाहणीत वेगळेच दिसले. शाळेत गेलेल्यांच्या ज्ञानात माफक भर पडली होती. शेजाऱ्यांपर्यंत मात्र ते फारसे पोचले नव्हते. स्वतः पाहिलेले नुसते ऐकून दुसऱ्याला पटत नाही. २०१०-११च्या सुमारास जावात तुडतुड्यांचा पुन्हा उद्रेक झाला, तेव्हा बाजारात कीटकनाशकांची रेलचेल होती.

शेतकऱ्याचे मन वळवायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: खर्चाचा हिशेब, डोळ्यांचा पुरावा आणि बरोबरीच्यांची सोबत. महाराष्ट्रात आज भरणाऱ्या शेतीशाळा याच परंपरेतल्या आहेत. त्यांचे यश हजेरीपटावरून नव्हे, शाळा संपल्यानंतरच्या हंगामात शेतकरी पंप उचलण्याआधी चुडात डोकावतो का, यावरून मोजावे.