कारखान्यातली जुनी वायर: नाशिकमधील सिरियल आणि प्रिंटर पोर्टचा इतिहास

नाशिक जिल्ह्यात जुनी उपकरणे नव्या संगणकाला जोडण्याची गरज घरांपेक्षा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि कांद्याच्या बाजार आवारांत जास्त पडत आली आहे. टेबलावरचा संगणक पाच-सात वर्षांत बदलला जातो. त्याला जोडलेला सीएनसी (म्हणजे संगणकीय नियंत्रकावर चालणारा) लेथ किंवा भुईकाटा मात्र वीस-पंचवीस वर्षे काम देतो, आणि लाखो रुपये घातलेले यंत्र केवळ मागची वायर नव्या संगणकात बसत नाही म्हणून कोणी भंगारात काढत नाही. जुळवून घेण्याची सगळी जबाबदारी त्यामुळे मधल्या वायरीवर येते.

ही वायर मुख्यतः दोन प्रकारची. सिरियल वायरीचे मानक, आरएस-२३२, अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० साली ठरवले. १९६९ मध्ये त्याची ‘सी’ आवृत्ती आली आणि तीच पुढे जगभर रुळली. तिच्यात एका तारेवरून एकामागून एक बिट जातो. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य, असा तिचा हिशेब. पॅरलल वायर सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० च्या प्रिंटरपासून सुरू झाली. तिच्यात आठ तारांवरून एक अख्खे अक्षर एकदम पाठवले जाते. आयबीएमने १९८१ च्या आपल्या पीसीमध्ये हीच पद्धत घेतली. प्रिंटरच्या बाजूला ३६ पिना राहिल्या, संगणकाच्या बाजूला २५ झाल्या. १९८४ च्या पीसी-एटीबरोबर सिरियलसाठी नऊ पिनांचा छोटा कनेक्टर आला. संगणकाची दुरुस्ती करणाऱ्यांच्या बोलण्यात हे दोन पोर्ट ‘कॉम’ आणि ‘एलपीटी’ या नावांनीच ओळखले जातात.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि नाशिकमध्ये आधी सातपूर, मग अंबड अशा वसाहती उभ्या राहिल्या. ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना होता. सातपूरला मायको आली (आज तिचे नाव बॉश आहे, पण चौक अजून मायको सर्कलच आहे) आणि पुढे महिंद्रचा कारखाना आला. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी युनिटे हेच नाशिकच्या उद्योगाचे खरे अंग. तिथे हाताने चालवायच्या लेथच्या शेजारी सीएनसी यंत्रे आली. काही नवी, बंगळूर किंवा राजकोटहून आलेली. काही परदेशांतून जुन्या बाजारात घेतलेली. बहुतेकांवर नियंत्रक जपानच्या फानुकचा किंवा जर्मनीच्या सीमेन्सचा.

या यंत्रांवर कागदी पट्टीच्या काळाचा ठसा होता. सीएनसीच्या आधीच्या पिढीत जॉबचा प्रोग्राम भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असे आणि यंत्र ती पट्टी वाचत वाचत काम करी. पट्टी गेली, तरी तिची भाषा राहिली. फानुकच्या जुन्या नियंत्रकांची स्मृती किलोबाइटमध्ये न सांगता मीटरमध्ये सांगत, म्हणजे तेवढ्या लांबीच्या पट्टीवर मावेल इतका प्रोग्राम. एका इंचावर दहा अक्षरे या प्रमाणाने ८० मीटर म्हणजे साधारण ३२ किलोबाइट होतात. प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी आजही टाकले जाणारे टक्क्याचे चिन्ह पट्टी गुंडाळताना कुठे थांबायचे ते सांगणारी खूण होती. सिरियल वायरीतून ‘थांब’ आणि ‘चालू कर’ असे सांगणारे संकेतही मुळात पट्टीचे वाचक यंत्र बंद-चालू करण्यासाठीच होते. संगणक म्हणून जे काही लेथच्या शेजारी आले, ते लेथच्या दृष्टीने कागदी पट्टीच्या वाचकाची बदली होती. त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच होती.

म्हणूनच या वायरीची जोडणी कारागिराच्या हातची राहिली. यंत्राच्या २५ पिनांच्या बाजूला ४ आणि ५ एकमेकांना जोडायच्या, ६, ८ आणि २० एकत्र करायच्या, आणि संगणकापर्यंत फक्त तीन तारा न्यायच्या: पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची. नियंत्रकाला वाटते की पलीकडचे उपकरण कायम तयार आहे. मग वेग, बिटांची संख्या, पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्हीकडे जुळवायचे. फानुकसाठी बहुधा सात बिट, सम पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट. यातले एक जरी चुकले, तर प्रोग्रामऐवजी कचरा येतो. यंत्र चालू असताना वायर लावायची नाही, हा शॉप फ्लोअरवरचा दंडक अंधश्रद्धा नव्हे. लेथचे अर्थिंग आणि संगणकाचे अर्थिंग यांत फरक असला, तर तो प्रवाह याच पातळ तारेतून जातो आणि नियंत्रकाचे सिरियल कार्ड जळते. नवे कार्ड मिळण्यास कित्येकदा महिने लागतात, म्हणून जाणते लोक मध्ये ऑप्टो-आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून संकेत प्रकाशाने पुढे नेणारा भाग, बसवतात.

बाजार समित्यांत गोष्ट थोडी निराळी आहे. लासलगावची समिती १९४७ सालची. लिलावात बोली झाली, की कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा भुईकाट्यावर काटा होतो, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरतो आणि रिकाम्या वाहनाचे वजन वजा करून निव्वळ वजन निघते. इलेक्ट्रॉनिक काट्यात हे वजन लोडसेलकडून इंडिकेटरकडे येते आणि इंडिकेटर ते सिरियल वायरीतून सतत, न विचारता, अंकांच्या ओळींच्या रूपात संगणकाकडे पाठवत राहतो. संगणकातला प्रोग्राम ती ओळ वाचतो आणि पावती छापतो. असे प्रोग्राम मोठ्या संख्येने फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेले होते, आणि लिहिणारा गाठणे कालांतराने अवघड होत गेले. शिवाय काटा वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून तपासून मुद्रांकित केलेला असतो, त्यामुळे इंडिकेटर मनाला आला म्हणून बदलता येत नाही. संगणक बदलणे हाच सोपा मार्ग उरतो.

पावतीसाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर टिकला, त्याला कारण शेतकरी, व्यापारी आणि समिती यांना एकाच वेळी प्रती लागतात हे. कार्बन लावलेल्या कागदावर ठोका मारूनच प्रत उठते. लेझर किंवा इंकजेट ठोका मारत नाही. टीव्हीएस, विप्रोतून वेगळी झालेली विप आणि एप्सन यांचे प्रिंटर धुळीत चालतात, त्यांची रिबन स्वस्त असते, आणि रिबन फिकी पडली तरी खालची प्रत वाचता येते. प्रिंटरच्या या जातीला मागासलेली म्हणणे बरोबर नाही. तिचे काम दुसरे कोणी करत नाही, एवढेच.

मराठीचा प्रश्नही या वायरींत गुंतलेला होता. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट कार्ड बाजारात आणले. ते संगणकाच्या आत आयएसए खाचेत बसवले, की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. नव्या मदरबोर्डांवरून आयएसए खाच नाहीशी झाली, तेव्हा या कार्डाला बसायला जागाच उरली नाही. डीटीपीच्या मराठी सॉफ्टवेअरबरोबर हार्डवेअर लॉक येई; तो पॅरलल पोर्टवर लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. पोर्ट गेल्यावर पैसे देऊन घेतलेले सॉफ्टवेअर उघडेनासे झाले. अनेक छापखान्यांच्या कोपऱ्यात एखादा जुना संगणक त्या एका लॉकसाठी जपून ठेवलेला असे.

बदल यूएसबीने घडवला. तिचे पहिले मानक जानेवारी १९९६ चे; १९९८ मध्ये ॲपलच्या आयमॅकने जुने पोर्ट एकदम काढून टाकले. विंडोजच्या जगात हे हळूहळू झाले. आधी लॅपटॉपवरून, मग डेस्कटॉपच्या मागच्या पट्टीवरून. मात्र डेस्कटॉपच्या अनेक मदरबोर्डांवर सिरियल पोर्टच्या पिना आत अजून असतात. त्यांवर बाहेर निघणारी एक पट्टी जोडली की खरा कॉम पोर्ट मिळतो. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा असूनही विक्रेते तो क्वचितच सुचवतात. आत पिना नसतील तर पीसीआय एक्सप्रेस कार्ड घ्यावे. या जातीच्या चिपा बनवणाऱ्यांत हैदराबादची मॉसचिपही होती. पॅरलल कार्डाची एक अडचण लक्षात ठेवावी लागते: जुने सॉफ्टवेअर पोर्ट ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर शोधते, आणि नवे कार्ड भलत्याच पत्त्यावर बसते. यूएसबी-पॅरलल वायर तर फक्त प्रिंटरसाठी. लॉक तिच्यावर चालत नाही.

तिसरा उपाय यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गावातल्या दुकानापर्यंत सगळीकडे तो मिळतो आणि तक्रारीही त्याच्याच जास्त. त्यात स्कॉटलंडच्या एफटीडीआयची, तैवानच्या प्रॉलिफिकची किंवा चीनमधली सीएच-३४० ही चिप असते. पहिल्या दोघांच्या नकला इतक्या झाल्या, की २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपांची ओळखच पुसून टाकली आणि त्या बंद पडल्या. प्रॉलिफिकच्या नव्या ड्रायव्हरने आपल्याच जुन्या चिपांनाही नाकारले. तेव्हा पडद्यावर ‘कोड १०’ दिसतो आणि ग्राहकाला वाटते, वायर खराब आहे.

कारखान्यात याहून बारीक अडचण येते. नियंत्रकाची स्मृती भरत आली की तो ‘थांब’ असे सांगतो आणि त्यानंतर दहाच अक्षरे सहन करतो. अकरावे आले की फानुकवर ०८७ क्रमांकाचा अलार्म. जुना कॉम पोर्ट हे सहज पाळी. कन्व्हर्टरच्या पोटात त्याहून कितीतरी जास्त अक्षरे आधीच भरलेली असतात, आणि चिप स्वतः तो संकेत ओळखत नसेल तर ती सगळी यंत्राकडे जातात. छोटा प्रोग्राम सुरळीत जातो; डाय-मोल्डचा मोठा प्रोग्राम ड्रिप फीडने, म्हणजे यंत्र काम करत असतानाच थोडा थोडा, पाठवताना मध्येच तुटतो. भुईकाट्यावर हा प्रश्न नाही, कारण तिथे संगणक फक्त ऐकतो. तिथली अडचण क्रमांकाची. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की विंडोज त्याला नवा कॉम क्रमांक देऊ शकते, आणि व्हिज्युअल बेसिकमधला जुना प्रोग्राम १६ च्या पुढचा पोर्ट ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्रमांक बदलून दिला की काटा पुन्हा चालतो.

डॉसच्या प्रोग्रामचे दुखणे आणखी वेगळे. तो थेट एलपीटी-१ कडे छापतो, यूएसबी प्रिंटर त्याला दिसतच नाही. त्यासाठी प्रिंटर नेटवर्कवर शेअर करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी-१ त्याच्याकडे वळवतात. पण ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम मुळातच चालत नाही, आणि २०२१ चे विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. अशा वेळी डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामच्या आत जुने डॉस चालवावे लागते, नाहीतर नवा प्रोग्राम लिहून घ्यावा लागतो.

कीबोर्डाचे तुलनेने सोपे आहे. १९८७ च्या पीएस/२ चा जांभळा पोर्ट अनेक मदरबोर्डांवर अजून असतो. त्याआधीचा जाड गोल पिनेचा एटी कीबोर्डही साध्या जोडणीने त्यावर चालतो, कारण दोघांची भाषा एकच आहे. पीएस/२ वरून यूएसबीवर जाताना मात्र आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. साधी हिरवी-जांभळी टोपी फक्त दोन्ही भाषा जाणणाऱ्या कीबोर्डला उपयोगी पडते.

सोनीने २०११ मध्ये जपानात फ्लॉपीची विक्री थांबवली. फ्लॉपीवर चालणाऱ्या यंत्रांत आता एम्युलेटर बसवतात: फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्हची खाच, आणि यंत्र तिला फ्लॉपीच समजते. नव्या नियंत्रकांना मेमरी कार्ड, यूएसबी आणि इथरनेट येते. तरीही नव्या भुईकाट्याचा इंडिकेटर घेतला, तर त्याच्या मागे आरएस-२३२ चा पोर्ट बहुधा असतोच.