बदली शिपायाचे औषधपाणी



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकाशी अधिक झाले. त्या फाटकावर पहारा करणारे बहुधा पलटणीतून परतलेले असत. शिपायांच्या इतिहासाकडे आम्ही वळलो तो त्यांच्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीवर मराठा पलटणी लढल्या. युद्ध संपताच मोठ्या संख्येने शिपायांना घरी धाडण्यात आले. पेन्शन लागेल इतकी नोकरी भरली नाही, म्हणून पुष्कळांना पेन्शन नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर हे सारे बदली कामगार!

तुटल्या हातापायांची सोय सरकारने केली, हे कबूल केले पाहिजे. अपंग शिपायांना धंदा शिकविणारी क्वीन मेरी शाळा १९१७ सालची. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ साली निघाले. परंतु खोकला, ताप, गुडघेदुखी यांना युद्ध लागत नाही. त्यांना हवा असतो जवळचा दवाखाना. कारखान्यातील कामगाराला १९४८ च्या विमा कायद्याने तो देऊ केला. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरूही झाली. कामगाराच्या मजुरीतून काही पैसे, काही मालकाचे, आणि दवाखाना वस्तीजवळ. निवृत्त शिपायाने मात्र छावणीतले लष्करी इस्पितळ गाठावे. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरकपारीच्या गावाहून पुण्याची छावणी किती दूर, हे एसटीने जाणाऱ्याला विचारा.

माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. आरंभी २२७ पॉलिक्लिनिके मंजूर झाली, त्यांतली बरीच छावणीबाहेरच्या गावी. प्रथम तेथील डॉक्टरने तपासावे, औषध द्यावे, आणि गरज पडली तरच मोठ्या इस्पितळात पाठवावे, अशी ही रचना. वर्गणीही हुद्द्याप्रमाणे कमीजास्त. आम्हांस ही रचना मनापासून पसंत आहे. मोठ्या इस्पितळाच्या दारात रांग लावण्यापेक्षा ती शहाणपणाची.

पण अट होती पेन्शनची. बदली शिपाई पुन्हा फाटकाबाहेरच! अशा महायुद्धकालीन शिपायांना योजनेत घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने केला तो मार्च २०१९ मध्ये. १९४५ साली जो २० वर्षांचा होता, तो तेव्हा ९४ वर्षांचा झाला होता. त्याला पॉलिक्लिनिकपर्यंत कुणीतरी हात धरूनच न्यावे लागणार होते.