घरातील बंदूक : हक्क, परवाना आणि विश्वास



एखाद्या पांढरपेशा घरात कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने 'मला रायफल घ्यायची आहे' असे जाहीर केले, तर काय होईल ह्याची कल्पना करून पाहा. आजी देवाचे नाव घेईल, वडील चष्मा पुसू लागतील आणि शेजारी हळूच विचारतील, 'कोणाशी तंटा आहे काय हो?' खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो खरी. पण पाटावर मांडतो ती सुरी, अडकित्ता आणि शिवणयंत्र. बंदूक म्हटली की आपण बिचकतो. हे बिचकणे केवळ भित्रेपणाचे नव्हे. त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि आज मला तोच सांगायचा आहे.

ती मुलगी जी रायफल मागते आहे, ती रायफलींतील अगदी धाकटी. तिला पॉइंट २२ म्हणतात, म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास इंचाच्या सुमारे बावीस शतांश, साडेपाच मिलिमीटरांहून किंचित जास्त. गोळीचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. तिचे आज सर्वत्र चालणारे काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये निघाले. धक्का कमी, आवाज कमी, खर्चही कमी. म्हणून जगभर नवशिक्याच्या हाती पहिल्याने हीच देतात. पण धाकटी म्हणून तिला खेळणे समजू नये. तिची गोळी मैलभर दूरच्या माणसालाही इजा करू शकते.

त्याच १८८७ साली मद्रासला बद्रुद्दिन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले होते. तेथे एक ठराव झाला : शस्त्रांच्या कायद्याने लोकांना जाच होतो आणि त्यांच्या राजनिष्ठेवर नाहक डाग लागतो, सबब सरकारने तो सौम्य करावा. हा कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. १८५७ च्या उठावानंतर प्रजेला निःशस्त्र करण्याचे जे धोरण सुरू झाले, त्याची ही पक्की बांधणी. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही झाला होता. तो रिपनने १८८२ मध्ये रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र १९६२ पर्यंत टिकला. सरकारला लेखणीपेक्षा बंदुकीचे भय अधिक काळ वाटले, असाच ह्याचा अर्थ!

ह्या कायद्यातील खरा डंख परवान्याचा नव्हता. डंख होता तो माफीच्या यादीत. युरोपियन माणसाला परवाना लागत नसे. रानडुकरे ज्याचे शेत उकरीत, त्या शेतकऱ्याला मात्र ठासणीच्या बंदुकीसाठी साहेबाच्या कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. कोडगूच्या लोकांना १८६१ पासून सवलत होती, ती त्यांच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून. म्हणजे घरात बंदूक असणे ही वस्तूची गोष्ट उरली नाही; 'तुझ्यावर सरकारचा विश्वास आहे की नाही' ह्याचा तो दाखला झाला. अहिंसेचे पुजारी गांधीजी. पण त्यांनीही १९१८ मध्ये, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे लिहिले. त्यांना सलत होता तो अपमान. आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत मोजला गेला.

मग स्वराज्य आले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत हरि विष्णु कामथ यांनी कराचीची आठवण देऊन हा हक्क घटनेत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. फाळणीचे रक्त अजून वाळले नव्हते, आणि पिस्तुलाच्या गोळ्यांनी गांधीजींचा बळी घेतल्याला वर्षही झाले नव्हते. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले. त्याचा आशय असा : ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हवे ते हत्यार घ्यावे, असे झाले तर राज्य चालायचे कसे? आग्रह धरायचाच असेल, तर तो शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, हक्काचा नव्हे. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

मग साठ वर्षांची मागणी फुकट गेली काय? मला तसे वाटत नाही. १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात एक लहानसे वाक्य आहे : मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट २२ रायफलीचा परवाना अधिकाऱ्याने द्यावा. नाकारायचा तर कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठीच, आणि ती कारणे कागदावर नोंदवून. 'तुझ्यापाशी पुरेशी मालमत्ता नाही' एवढ्याच सबबीवर नकार देता येत नाही. जातीची, वर्णाची, जहागिरीची विचारपूस गेली. वर्तनाची आणि शिस्तीची आली. पोलिसांची चौकशी राहिली, आणि २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणावर भर दिला.

आणि रायफल क्लबच का, हेही पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. जो गृहस्थ सभेत शिस्त राखीत होता, तोच नेमबाजांचाही अध्यक्ष! क्लबात पहिला धडा नेम धरण्याचा नसतो. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे समजा, नळी माणसाकडे वळवू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका, हे आधी शिकवतात. हे शिक्षण दहा जणांच्या देखत होते. चूक केली तर शेजारचा टोकतो. कपाटात एकट्याने लपवलेल्या बंदुकीला असा टोकणारा नसतो, आणि बहुतेक अनर्थ तेथेच होतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, ते ह्याच पॉइंट २२ रायफलीने. ज्या देशातील शेतकऱ्याला एके काळी ठासणीची बंदूकही विश्वासाने मिळत नव्हती, त्या देशातील एका खेडेगावच्या मुलाने हे केले. त्या पदकात १८८७ च्या ठरावाचे थोडे उत्तर आहे, असे मी मानतो.

तेव्हा आजींना माझे सांगणे इतकेच : भिऊ नका, पण नातीला दोन गोष्टी विचारा. क्लबात नाव घातलेस का? आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवशील ना? परक्या राज्यात परवाना ही मेहेरबानी होती. आपल्या राज्यात ती ठेव आहे. साऱ्या गावाने एकाच्या हाती विश्वासाने सोपवलेली. ठेव सांभाळता येत असेल त्यानेच ती मागावी, आणि सांभाळता येत नाही असे कळले की स्वतःहून परत करावी.