बैलाच्या शिंगाचा कर्करोग: शस्त्रक्रिया आणि जखमेची निगा
लांब, जाड शिंगांच्या कामाच्या बैलांत हा आजार जास्त, तोही साधारण ५ ते १० वर्षे वयात. बैल सारखं डोकं झटकतो, शिंग खांबाला घासतो, एकाच नाकपुडीतून रक्त येतं. शिंगातली पोकळी नाकाशी जोडलेली असते, म्हणून. शिंग कलण्याची वाट पाहू नये. गाठ बुडाखाली उतरली की कापूनही आजार उलटतो.

डोळा आणि शिंग यांच्यामधल्या नसेला भूल देऊन डॉक्टर शिंग बुडापासून काढतात, कातडी ओढून टाके घालतात. टाके साधारण १०-१२ दिवसांनी निघतात. तोवर पट्टी कोरडी हवी, माशी बसता कामा नये. पावसाळ्यात अळ्या लगेच पडतात. राख, रॉकेल तर नकोच. एकशिंगी बैल औताला चालतो, बाजारात मात्र भाव पडतो.