लष्करी ड्रोन : उगम व प्रसार

वैमानिक आत न बसता रेडिओसंदेशांनी किंवा विमानातच बसविलेल्या स्वयंचलित यंत्रणेने चालणाऱ्या लष्करी विमानास ड्रोन म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेला ‘केटरिंग बग’ हा उडता टॉर्पेडो प्रत्यक्ष युद्धापर्यंत पोहोचला नाही. नियमित वापर सुरू झाला तो तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून. ब्रिटनमध्ये टायगर मॉथ या प्रशिक्षण-विमानावर आधारलेले ‘क्वीन बी’ हे दूरनियंत्रित लक्ष्य-विमान १९३५ साली तयार झाले. ड्रोन (नर मधमाशी) ही संज्ञा याच नावावरून रूढ झाली, असे मानतात.

टेहळणीसाठी ड्रोनची निकड अमेरिकेच्या वायुसेनेला भासली, ती वैमानिक गमावण्याच्या प्रसंगांमुळे. १ मे १९६० रोजी सोव्हिएट रशियावर यू-२ विमान पाडले जाऊन त्याचा वैमानिक गॅरी पॉवर्स पकडला गेला. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबावर दुसरे यू-२ पाडले जाऊन रूडॉल्फ अँडरसन हा वैमानिक मरण पावला. याच सुमारास रायन कंपनीच्या ‘फायरबी’ या जेट लक्ष्य-विमानात कॅमेरे बसविण्यात आले. १९६४ ते १९७५ या काळात चीन व आग्नेय आशियावर अशा ड्रोनांची सु. ३,४०० उड्डाणे झाली. सी-१३० प्रकारच्या विमानाच्या पंखाखालून ती सोडीत आणि परतल्यावर हवाई छत्रीने उतरत असताना हेलिकॉप्टरने अधांतरीच पकडीत. एका वैमानिकरहित उड्डाणासाठी अशी दोन सवैमानिक वाहने राबत. युद्ध संपल्यावर ही साधने मागे पडली. खर्चाचे कारण दिले गेले. परंतु वैमानिकांच्याच हाती नेतृत्व असलेल्या दलात त्यांना खंबीर पाठीराखा नव्हता, हे कारण अधिक बलवत्तर दिसते. दरम्यान चीनने आपल्या भूमीवर पाडलेल्या ड्रोनांच्या अवशेषांवरून ‘चांग हाँग-१’ हे विमान तयार केले.

पुढचा टप्पा इझ्राएलने गाठला. १९७३ च्या युद्धात त्याच्या विमानांची क्षेपणास्त्रांमुळे मोठी हानी झाली होती. जून १९८२ मध्ये लेबाननच्या बेका खोऱ्यात फसव्या ड्रोनांमुळे सिरियाचे रडार कार्यान्वित झाले, ‘स्काउट’ व ‘मॅस्टिफ’ या छोट्या विमानांनी तळांची दूरचित्रे पाठविली आणि मग सवैमानिक विमानांनी बहुतेक क्षेपणास्त्रतळ नष्ट केले. या यशाने इतर राष्ट्रांचे लक्ष वेधले.

इझ्राएलमधून अमेरिकेत गेलेले अभियंते एब्राहम कारेम यांच्या आराखड्यांतून विकसित झालेले ‘प्रेडेटर’ १९९४ साली प्रथम उडाले व १९९५ मध्ये बॉझ्नियावर टेहळणीस गेले. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र डागण्याची चाचणी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून अफगाणिस्तानात सशस्त्र प्रेडेटर वापरात आले. उपग्रहामार्फत नियंत्रण होऊ लागल्याने चालक हजारो किमी. दूर राहू शकला. त्याला वैमानिक म्हणावे काय, हा प्रश्न वायुसेनेत बराच काळ वादाचा होता. २०१० च्या सुमारास या चालकांसाठी स्वतंत्र सेवाशाखा निर्माण झाली.

भारतात बंगळूरच्या वैमानिकीय विकास संस्थेने ‘लक्ष्य’ हे लक्ष्य-विमान तयार केले. येथेही आरंभ सरावाच्या साधनानेच झाला. टेहळणीसाठी मात्र इझ्राएलची ‘सर्चर’ व ‘हेरॉन’ ही विमाने घेण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेकडून ३१ ‘एमक्यू-९बी’ विमाने घेण्याचा करार झाला. त्यांपैकी १५ नौदलासाठी आणि भूसेना व वायुसेना यांच्यासाठी प्रत्येकी ८ ठरविण्यात आली.